शाळा उभी राहायची, पगार थकायचा

अमेरिकेत १८६५ नंतर गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत शाळा कशा निघाल्या, याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांना शाळा कोणी काढल्या हे जाणून घ्यायचे आहे. त्या चालवल्या कशा, हा आमच्या मते अधिक अवघड प्रश्न आहे, म्हणून उत्तरे तिकडे जरा जास्त झुकली आहेत.

प्रश्न : या शाळा उत्तरेकडच्या मिशनऱ्यांनी काढल्या असेच सगळीकडे वाचायला मिळते. ते कितपत खरे?

अर्धेच खरे. मिशनऱ्यांनी दर महिन्याला अहवाल लिहिले आणि ते जपून ठेवले. गावातल्या विश्वस्तांच्या वह्या मात्र क्वचितच उरल्या. त्यामुळे इतिहासात मिशनऱ्यांचे पारडे जड दिसते.

व्हर्जिनियात फोर्ट मन्रोजवळ हॅम्प्टनला मेरी पीक या कृष्णवर्णीय बाईंनी १८६१ च्या सप्टेंबरात वर्ग भरवला. अमेरिकन मिशनरी असोसिएशनने त्यांना पाठबळ दिले हे खरे, पण त्या त्याआधीपासून, कायद्याने बंदी असताना, चोरून शिकवत होत्या. जॉर्जियात सव्हाना शहर यादवी युद्धात १८६४ च्या डिसेंबरात उत्तरेच्या युनियन सैन्याच्या हाती आले आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या कृष्णवर्णीय पाद्र्यांनी सव्हाना एज्युकेशन असोसिएशन काढली. आपसांत वर्गणी करून सुमारे हजार डॉलर उभे केले, पंधराएक कृष्णवर्णीय शिक्षक नेमले आणि पाचशेच्या आसपास मुले गोळा केली. त्यातली एक शाळा ज्या इमारतीत भरली, तिथे काही आठवड्यांपूर्वीपर्यंत माणसांची विक्री होत होती.

मुक्त झालेल्या गुलामांसाठी सरकारने काढलेल्या फ्रीडमेन्स ब्युरो या खात्याचे शाळा निरीक्षक जॉन आल्व्हर्ड १८६५ मध्ये दक्षिणेत फिरले. कोणाच्याही मदतीशिवाय लोकांनीच चालवलेल्या शाळा त्यांना जागोजागी दिसल्या. अशा निदान ५०० तरी असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या गोल्ड्सबरोला दोन तरुण भेटले. त्यांचे स्वतःचे शिकणे नुकतेच सुरू झाले होते, तरी समोर १५० विद्यार्थी बसलेले! तेव्हा मिशनरी आले त्याआधी बऱ्याच ठिकाणी शाळा सुरू झालेली होती. त्यांनी आणले ते पुस्तके, पगार आणि शिकवण्याची पद्धत. त्यांचे मोल कमी नाही, पण सुरुवात त्यांची नव्हे.

प्रश्न : एखाद्या खेड्यात शाळा काढायची तर नेमके काय काय करावे लागे? क्रमाने सांगाल का?

पहिली पायरी सभेची. रविवारी प्रार्थना संपली की लोक थांबत आणि विश्वस्त निवडत, बहुधा तीन किंवा पाच. त्यांत पाद्री असेच, शिवाय एखादा सुतार किंवा लोहार, आणि युनियन सैन्यातून परतलेला एखादा शिपाई. कृष्णवर्णीय पलटणींत शाळा चालत, त्यामुळे बरेच शिपाई बंदुकीबरोबर अक्षरेही घेऊन घरी आले होते. हिशेब लिहायला असा माणूस हाताशी लागे.

दुसरी पायरी जागेची, आणि चूक झालीच तर इथे व्हायची. एखादा मळेवाला तोंडी म्हणायचा, ‘बांधा माझ्या शेताच्या कडेला.’ त्याला मजूर टिकवायचे असत, कारण शाळा असलेल्या मळ्यावर कुटुंबे थांबत. पण पुढे मजुरीच्या करारावरून वाजले किंवा निवडणुकीत लोकांनी त्याच्या मनाविरुद्ध मत दिले, की जागा त्याची आणि तिच्यावरची इमारतही त्याचीच. म्हणून ब्युरोचा आग्रह असे की जागेचे रीतसर खत आधी व्हावे, ते विश्वस्तांच्या व त्यांच्या मागून येणाऱ्या विश्वस्तांच्या नावे असावे, शाळेसाठी म्हणून असावे, आणि काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कचेरीत नोंदवलेले असावे. एक एकरभर जागा पुरत असे. खत एकट्या पाद्र्याच्या नावावर केले तर तो गेल्यावर वारस दारात उभे, म्हणून विश्वस्त मंडळ.

तिसरी पायरी इमारतीची. ओंडक्यांची एक खोली लोक अंगमेहनतीने उभी करत. गुलामगिरीत मळ्यांवरचे कितीतरी सुतारकाम, गवंडीकाम याच लोकांच्या हातचे होते, त्यामुळे कारागिरांची वाण नव्हती. वाण होती कापलेल्या फळ्यांची, खिळ्यांची, खिडकीच्या चौकटींची आणि काचांची, म्हणजे रोख पैसे मोजून घ्यायच्या वस्तूंची. त्या ब्युरो देई. मेरीलँडमध्ये बॉल्टिमोरच्या एका संस्थेने (स्थापना नोव्हेंबर १८६४) हे नीट बसवले होते. जागा आणि श्रम गावाचे, लाकूड ब्युरोने मोडीत काढलेल्या लष्करी बराकींचे, शिक्षक संस्थेचा आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय पुन्हा गावाची.

इथे एक सरकारी गंमत आहे. ब्युरोला १८६६ साली जो निधी मिळाला तो शाळांच्या ‘दुरुस्ती व भाड्या’साठी. नवी इमारत बांधायला त्यात मुभा नव्हती. मग लोकांनी भिंती आणि सांगाडा उभा करायचा आणि ब्युरोने त्याची ‘दुरुस्ती’ करायची, म्हणजे छप्पर, तक्तपोशी, खिडक्या घालून द्यायच्या. पगारालाही परवानगी नव्हती, म्हणून इमारतीचे ‘भाडे’ दिले जाई आणि ते शिक्षकाच्या पगारात जाई. सगळ्यांना ठाऊक होते. कागद मात्र चोख.

चौथी पायरी शिक्षक मागण्याची. ब्युरोच्या राज्य अधीक्षकाला किंवा एखाद्या संस्थेला पत्र जाई. मुले किती, इमारत कोणत्या स्थितीत आहे, शिक्षकाला कोण ठेवून घेणार, आणि महिन्याला गाव किती देणार. या शेवटच्या दोन प्रश्नांवर अर्ज अडत. उत्तरेकडून आलेल्या गोऱ्या शिक्षिकेला गावातली गोरी कुटुंबे खोली देत नसत. कृष्णवर्णीय कुटुंबे द्यायला तयार असत, पण त्यांचे घर म्हणजे एकाच खोलीची झोपडी, आणि तिला ठेवून घेतले म्हणून घर जाळण्याच्या धमक्या. म्हणून संस्था अशा शिक्षिकांना शहरात एकत्र घर करून ठेवत. आडगावात जायचे ते कृष्णवर्णीय शिक्षकाने किंवा शिक्षिकेने. १८६१ ते १८७६ या काळातल्या शिक्षकांत तिघांमागे एकाहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि ते उत्तरेच्या गोऱ्या शिक्षकांपेक्षा जास्त काळ टिकले, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते.

प्रश्न : शिक्षकाचा पगार कोण देई आणि किती?

सगळ्या शाळांची दुखरी नस हीच. इमारत एकदाच उभारायची असते. हातपाय हलवले की होते. पगार दर महिन्याला लागतो आणि तो रोख लागतो.

मिशनरी असोसिएशन शिक्षिकेला महिना १५ डॉलरच्या आसपास देई, वर राहणे-जेवणे. प्रवासासाठी ब्युरोचा पास मिळे. संस्थेविना चालणाऱ्या शाळेत मुलांच्या फीवर भिस्त. फी गावागणिक वेगळी, बहुतेक ठिकाणी महिना २५ सेंटपासून एक डॉलरपर्यंत. समजा ५० मुले आणि फी ५० सेंट. कागदावर २५ डॉलर होतात आणि तेवढ्यात एक शिक्षक भागतो. प्रत्यक्षात काय होते? एका घरातली तीन मुले असली की बाप एकाचीच फी देतो आणि पाळीपाळीने पाठवतो. कापसाची वेचणी लागली की निम्मा वर्ग शेतात. काही जण मका, अंडी, कोंबडी आणून देतात. शिक्षकाचे जेवण त्यात निघते, पण बूट निघत नाहीत.

त्याच्याही मागे शेतीचा हिशेब होता. मजुराचा करार वर्षाचा असे. मजुरीचा मोठा भाग, किंवा वाट्याने शेती असेल तर सगळाच हिस्सा, कापूस विकल्यावर डिसेंबरात हातात पडे. तोवर दुकानातून उचल. म्हणजे ज्याच्याकडून दरमहा फी मागायची त्याच्या हातात वर्षातून एकदाच रोकड येते, तीही मालकाने वजावट करून उरली तर. १८६६ आणि १८६७ या लागोपाठच्या दोन हंगामांत पूर, अवर्षण आणि अळीने पीक बुडाले, भावही कोसळला. त्या दोन वर्षांत कितीतरी शाळा नुसत्या फी थकल्याने बंद झाल्या. लोकांचा उत्साह मावळला, असे काही अहवाल म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. उत्साह होता, डॉलर नव्हते.

घरोघरी जेवणाची पद्धतही होती. वेस्ट व्हर्जिनियात मॉल्डन इथे पुढे नामवंत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर वॉशिंग्टन लहानपणी ज्या शाळेत गेले, तिचा मास्तर आळीपाळीने एकेका कुटुंबाकडे दिवसभर राही. ज्या घरी मास्तराची पाळी त्या घरच्या पोरांची त्या दिवशी चंगळ, असे वॉशिंग्टन यांनीच लिहून ठेवले आहे.

लुइझियानात वेगळा प्रयोग झाला. तिथले युनियन सेनापती जनरल बँक्स यांनी १८६४ च्या मार्चमध्ये हुकूम काढून मालमत्तेवर शाळाकर बसवला आणि मळ्यामळ्यांवर शाळा उघडल्या. युद्ध संपल्यावर कराची वसुली थांबवली गेली आणि शाळांना टाळे लागायची वेळ आली. तेव्हा मुक्त झालेल्या लोकांनी अर्ज केला की हवा तर आमच्यावर कर लावा, पण शाळा चालू ठेवा. आल्व्हर्ड यांनी पाहिलेला असा एक अर्ज तीस फूट लांब होता आणि सुमारे दहा हजार लोकांच्या वतीने होता. खाली सह्या थोड्या आणि फुल्या फार, कारण मुलांसाठी शाळा मागणाऱ्या आईबापांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

प्रश्न : एका खोलीत ७०-८० विद्यार्थी, त्यांत सहा वर्षांचा मुलगा आणि साठीची आजी. शिकवत कसे असतील?

तीन गट पाडून. मुळाक्षरे शिकणारे, सोपे धडे वाचणारे आणि पुढचे. एक गट शिक्षकासमोर उभा राहून म्हणून दाखवतो, दुसरा पाटीवर लिहितो, आणि पुढच्या गटातली एखादी चुणचुणीत मुलगी मुळाक्षरवाल्यांना घेऊन कोपऱ्यात बसते. तिच्याशिवाय गाडा हलत नसे, आणि पुढे शिक्षिका व्हायची बहुधा तीच.

हातात पुस्तक असे ते वेब्स्टरचे निळ्या पुठ्ठ्याचे स्पेलिंग बुक. ते ‘बा-बे-बी-बो-बू’ अशा दोन-दोन अक्षरे जोडलेल्या पाठांनी सुरू होते. मग दोन अवयवांचे शब्द येतात आणि त्यांत पहिला ‘बेकर’. कोण कुठवर पोचला हे सांगायची रीतच पडली होती की अमका ‘बेकर’पर्यंत आला. पाठांतराला हे पुस्तक उत्तम. पण सगळा वर्ग एका सुरात स्पेलिंग घोकतो आणि नवे वाक्य समोर ठेवले की गप्प बसतो, हा त्याचा तोटा. अनुभवी शिक्षक म्हणून फळ्यावर मुलांच्याच तोंडची वाक्ये लिहीत आणि ती वाचून घेत. अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटीने मुक्त झालेल्यांसाठी वेगळी वाचनमाला काढली होती. स्वस्त आणि नेटकी, पण तिच्यात काम करा, बचत करा, मालकाशी नीट वागा असा उपदेश इतका की अडीचशे वर्षे राबलेल्या माणसांना कामाचे महत्त्व सांगायची ही हौस वाचताना आज हसू येते. पुस्तके कमी पडत. मग चार डोकी एका पानावर. ज्या घरी काहीच नाही तिथून बायबल येई, नाहीतर जुने वर्तमानपत्र.

खोलीचा त्रास वेगळा. साऊथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर लॉरा टाउन आणि एलन मरे यांची पेन स्कूल १८६२ मध्ये एका मळ्यावरच्या घरात नऊ प्रौढांना घेऊन सुरू झाली. मुले वाढली तशी ती विटांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये गेली. तिथे एकाच दालनात आडोशाविना वेगवेगळे वर्ग भरत. एकीचा वर्ग मोठ्याने म्हणू लागला की दुसरीला आवाज चढवावा लागे, आणि संध्याकाळी सगळ्यांचे घसे बसत. पुढे फिलाडेल्फियाच्या संस्थेने शाळागृहाचे सुटे भाग जहाजाने पाठवले आणि ते तिथे जोडून उभे केले.

ओंडक्यांच्या शाळेत खिडकीला काच नसली तर थंडीत दोनच पर्याय उरत. झडप उघडी ठेवा आणि कुडकुडा, किंवा मिटा आणि अंधारात बसा. म्हणून अर्जात काचा मागितलेल्या दिसल्या तर ती चैन समजू नका. बाक म्हणजे अर्धा चिरलेला ओंडका आणि खाली ठोकलेले चार पाय, पाठ टेकायला काही नाही, पाय अधांतरी. सहा वर्षांचे मूल त्यावर तासाभरात चुळबुळ करू लागते, ते खोडकर असते म्हणून नव्हे.

प्रश्न : शाळेचे वर्ष कधी सुरू होई?

कापूस ठरवेल तेव्हा. एप्रिलमध्ये पेरणी, मे-जूनमध्ये विरळणी आणि खुरपणी. जुलैच्या मध्यावर शेतातले काम हलके होते. सप्टेंबरपासून वेचणी लागते ती थेट नाताळपर्यंत. म्हणजे खेड्यातल्या मुलाला मोकळे महिने दोनदा मिळतात, जानेवारी ते मार्च आणि जुलै-ऑगस्ट. उत्तरेच्या संस्थांचे सत्र मात्र ऑक्टोबर ते जून, कारण उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीने त्यांचे शिक्षक घरी जात. ऐन जुलैत मुले रिकामी आणि मास्तर गावाला! ही फट पुढे नव्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी भरली. उन्हाळ्यात ते खेड्यात जाऊन शिकवत आणि त्या कमाईवर पुढच्या वर्षाचा खर्च चालवत.

पुढे कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत झालेले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी असताना १८८६ आणि १८८७ च्या उन्हाळ्यात टेनेसीच्या डोंगराळ भागात असेच शिकवायला गेले. मुक्तीला वीस वर्षे उलटली होती. तरी शाळा म्हणजे मक्याची कोठी असलेली ओंडक्यांची खोली, दाराच्या जागी नुसती मोकळी चौकट, टेबल तीन फळ्यांचे, आणि खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली. ती रोज संध्याकाळी परत करावी लागे.

प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग असत. दिवस मावळेपर्यंत शेतात, मग शाळा. उजेडाला ज्याने त्याने मेणबत्ती किंवा राळेच्या पाइनची ढलपी आणायची. तिचा धूर डोळ्यांत जातो.

प्रश्न : मी या विषयावर प्रबंध लिहीत आहे. ब्युरोचे मासिक शाळा-अहवाल कसे वाचावेत?

छापील फॉर्म आहे, शिक्षकाने दर महिनाअखेरीस भरायचा. शाळा दिवसाची की रात्रीची, इमारत मुक्त झालेल्या लोकांच्या मालकीची की ब्युरोची, शिक्षक गोरे किती आणि कृष्णवर्णीय किती, पटसंख्या, सरासरी उपस्थिती, सदा हजर किती, सोळा वर्षांवरचे किती, मुळाक्षरांत किती, वाचणारे किती, अंकगणित आणि भूगोल किती जण शिकतात, युद्धाआधीच स्वतंत्र असलेल्यांची मुले किती. शेवटी एक प्रश्न : कृष्णवर्णीयांच्या शाळांविषयी आसपासचे लोकमत काय? सगळ्यात जास्त माहिती तिथे सापडते. तिथे ‘विरोधी’ किंवा ‘उदासीन’ असा एक शब्द, क्वचित दोन ओळी असतात. तो रकाना आधी वाचा, मग आकडे.

आकड्यांत तीन ठिकाणी फसायला होते. पटसंख्या आणि सरासरी उपस्थिती यांतले अंतर पाहा. पट ८० आणि सरासरी ४० असेल तर अर्धी मुले गळाली असे समजू नका. घरातली मुले पाळीने येत असतील. त्यासाठी त्याच शाळेचा वेचणीआधीचा महिना काढून ताडून बघा. दुसरे असे की दिवसाची, रात्रीची आणि रविवारची शाळा एकाच इमारतीत भरे आणि तोच माणूस दोन ठिकाणी मोजला जाई. १८७० मध्ये ब्युरोचे शिक्षणकाम संपताना चार हजारांवर शाळा, नऊ हजारांवर शिक्षक आणि सुमारे अडीच लाख विद्यार्थी असे आकडे दिले जातात, ते या सावधगिरीनेच घ्यावेत. तिसरे सर्वांत मोठे. ज्या शाळेने अहवाल पाठवला नाही ती कागदावर नाहीच. लोकांनी स्वतःच्या बळावर, अधीक्षकाच्या रस्त्यापासून लांब चालवलेल्या शाळा अशाच निसटल्या.

प्रश्न : शाळा जाळल्या जात. त्यापासून बचावाचा काही उपाय होता का?

फारसा नाही. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसच्या दंगलीत कृष्णवर्णीयांची चर्च आणि शाळा वेचून जाळल्या, आणि तिथे तर सैन्य होते. खेड्यात कोण होते? एडमोनिया हायगेट या कृष्णवर्णीय शिक्षिका १८६६ मध्ये लुइझियानात लाफायेत परगण्यात शिकवत होत्या. मुले तीन, चार, कधी आठ मैलांवरच्या मळ्यांवरून चालत येत आणि तरीही उशीर करत नसत. बाईंच्या खोलीवर दोनदा गोळीबार झाला, रात्रीच्या वर्गाला येणाऱ्यांवरही झाला. अलाबामात विल्यम ल्यूक या शिक्षकाला १८७० च्या जुलैत जमावाने फाशी दिली.

चर्चमध्ये शाळा भरवणे स्वस्त पडे, पण आग लावली की दोन्ही एकदम जात. वेगळी इमारत बांधली तर निदान एक वाचे. रात्री पाळीने पहारे ठेवत. जळालेल्या जागी आठवड्याभरात झाडाखाली वर्ग भरवणे हा त्यातला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणावा लागेल.

हल्ले निव्वळ द्वेषातून होत असे मानले तर त्यांची वेळ उलगडत नाही. मिसिसिपीत १८७१ मध्ये शाळांवर आणि शिक्षकांवर हल्ल्यांची लाट आली. राज्याने १८७० मध्ये सार्वजनिक शाळांचा कायदा करून त्यासाठी कर बसवल्यानंतरची ही गोष्ट आहे. मन्रो काउंटीचे शाळा अधीक्षक ह्यूगिन्स यांना रात्री घराबाहेर काढून चाबकाने फोडले, तेव्हा त्यांना सुनावलेला आरोप शाळाकराचाच होता.

प्रश्न : शिक्षक तयार कुठे होत?

फिस्क (नॅशव्हिल, १८६६), हॅम्प्टन (१८६८), अटलांटा, हॉवर्ड, टूगलू ही नावे तुम्हाला कुठेही मिळतील. अलाबामातल्या टॅलडिगाची रीत सांगण्यासारखी आहे. विल्यम सॅव्हरी आणि थॉमस टॅरंट या दोन मुक्त गुलामांनी तिथे शाळेचा ध्यास घेतला. पुढे जी इमारत विकत मिळाली, ती युद्धाआधी गोऱ्या मुलांच्या विद्यालयासाठी गुलामांनी बांधली होती, आणि त्या कामावर सुतार म्हणून सॅव्हरी स्वतः होते. १८६७ च्या नोव्हेंबरात तिथे १४० च्या आसपास मुले आली.

पण आसपासच्या खेड्यांचे काय? पहिले मुख्याध्यापक हेन्री ब्राउन चर्चाचर्चांतून फिरले. तुमच्यातला सर्वांत लायक तरुण निवडा, पुढच्या रविवारी त्याच्यासाठी जमेल तेवढा मका आणि खारवलेले मांस आणा, त्याला शिकवायला शिकवतो, असे सांगितले. तरुण मक्याचे पोते पाठीवर घेऊन मैलोन्मैल चालत आले आणि थोडे शिकून आपापल्या गावी शाळा धरू लागले. ही व्यवस्था आम्हाला सगळ्यांत शहाणी वाटते. माणूस गावानेच निवडलेला, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही. पोटाला गावाचे धान्य, त्यामुळे रोकड कमी लागते. उणीव एकच, त्याचे स्वतःचे शिक्षण तोकडे असे. अंकगणितात तो वर्गाच्या दोन धडेच पुढे असायचा. दर उन्हाळ्यात तो परत शिकायला आला तरच ही उणीव भरून निघे.

प्रश्न : ब्रिटिशांनी कॅरिबियन बेटांवर गुलामगिरी आधीच संपवली होती. तिथल्या अनुभवाचा अमेरिकेला उपयोग झाला का?

व्हायला हवा होता. तिथे १ ऑगस्ट १८३४ ला कायदा लागू झाला, उमेदवारीच्या (काम शिकण्याच्या) नावाखालची सक्तीची मजुरी १८३८ पर्यंत चालली. ब्रिटिश संसदेने १८३५ पासून शाळांसाठी अनुदान दिले. लवकरच ते वर्षाला ३०,००० पौंडांवर गेले, आणि पुढे कमी करत १८४५ मध्ये बंद केले. आरंभी पैसा मिळाला तो मुख्यतः इमारतींना. पगार मिशन संस्थांनी बघावेत अशी अपेक्षा होती. सरकारने ला ट्रोब नावाच्या निरीक्षकाला पाहणीला पाठवले आणि पगाराचा काही भागही मग अनुदानात आला, पण अनुदान आटले तशा शाळा आटल्या. मायको नावाच्या न्यासाचे काम मात्र टिकले, कारण त्याने १८४० नंतर हात आखडताना शाळा सोडल्या आणि शिक्षक घडवणारी जमैका व अँटिग्वातली महाविद्यालये राखली. त्या न्यासाचा पैसा मुळात सतराव्या शतकातला, आणि तो चाच्यांच्या कैदेतले ख्रिस्ती गुलाम सोडवण्यासाठी वापरायचा होता.

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्ती करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या साली तिथल्या शाळांची स्थिती काय होती?

ब्युरोचे शिक्षणकाम थांबून तीन वर्षे झाली होती, १८७२ मध्ये ब्युरोही गुंडाळला गेला होता. शाळा आता राज्यांच्या हाती होत्या. नव्या राज्यघटनांनी दक्षिणेत प्रथमच सर्वांसाठी सार्वजनिक शाळा आणल्या, गरीब गोऱ्यांसाठीसुद्धा. फ्लोरिडात त्याच वर्षी जोनाथन गिब्ज हे कृष्णवर्णीय गृहस्थ राज्याचे शिक्षणप्रमुख झाले, मिसिसिपीत टॉमस कार्डोझो निवडून आले. कागदावर चित्र आशेचे होते.

पगाराचे दुखणे मात्र तसेच. काउंटीच्या तिजोरीत पैसा नसला की शिक्षकाला रोख रकमेऐवजी चिठ्ठी मिळे. दुकानदार ती दर्शनी किमतीपेक्षा बरीच कमी धरून घेई. सर्वांत खालच्या, तिसऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र असलेल्या खेड्यातल्या मास्तराचा आधीच तोकडा पगार असा आणखी कापला जाई. दक्षिणेतल्या शाळांसाठीचा पीबडी फंड हा खासगी न्यास मदत करी, पण १०० मुलांच्या गोऱ्या शाळेला ३०० डॉलर आणि तेवढ्याच कृष्णवर्णीय शाळेला २००, असा त्याचा दर होता. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या बँका कोसळल्या, मंदी आली आणि उत्तरेच्या संस्थांच्या देणग्या आटल्या. तरी १८७० च्या जनगणनेत गोरेतर लोकसंख्येत दहातले आठ जण निरक्षर होते, ते १९०० पर्यंत साडेचारवर आले. त्यातला मोठा वाटा या पगार थकलेल्या मास्तरांचा आणि बाईंचा आहे.